कुतचे युद्धकैदी आणि नाव नसलेले शिपाई



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही युद्धकैद्यांचा इतिहास का मांडतो, असं कुणी विचारील. कारण सरळ आहे. आपण दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना देतो. त्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. म्हणून तर ते आपले पूर्वज, हे आज छातीठोकपणे सांगता येतं. दगडावर नाव नसतं, तर कोण मानणार होतं?

आता दुसरी हकिकत ऐका. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी या फौजेला टायग्रिस नदीकाठच्या कुत गावात कोंडलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापून खाण्याची पाळी आली. पण हिंदी शिपायांपैकी बरेच जण ते मांस खाईनात. गावी गेल्यावर जात वाळीत टाकील, ही धास्ती! तोंडासमोर मरण उभं, तरी जात मानगुटीवरून उतरत नव्हती. मांसाविना स्कर्व्हीने कित्येक खंगले. शेवटी एप्रिलमध्ये बहुतेकांनी ते खाल्लं, पण तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं.

२९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत सात हजारांच्या आसपास हिंदी शिपाई होते आणि तीन हजारांवर लष्करी नोकर. पाणी वाहणारे, झाडलोट करणारे, खेचरं हाकणारे असे हे गोरगरीब. हलक्या मानलेल्या जातींचे लोक याच कामांवर असत. सेनापती जनरल टाऊनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकललं. अन्न नाही, पाणी नाही, पायात धड वहाणा नाहीत. पडला तो पडला. जगले त्यांतल्या पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. तिथे तापाच्या साथीत माणसं पटापट मेली. घरी परतले नाहीत असे हजारो.

त्याच रास-अल-ऐनला कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी नावाचे बंगाली डॉक्टर कैदेत होते. कैद्यांची शुश्रूषा करता करता १९१७ साली तेही तिथेच वारले. पण त्यांच्या घरी अक्षर होतं. त्यांनी आईला पत्रं लिहिली होती. ऐंशीच्या घरातल्या त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, त्यांचं चरित्र लिहून १९२८ साली छापलं. म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो. त्यांच्या शेजारी मेलेल्या खेचरवाल्याची आजीही रडलीच असेल. पण तिला कुणी अक्षर शिकू दिलं नव्हतं.

सरकारने तरी काय केलं? १९२९ साली बसरा येथे चाळीस हजारांवर मृतांचं स्मारक उभं राहिलं. इंग्रज शिपायाचं नाव भिंतीवर, हिंदी अधिकाऱ्याचं नाव भिंतीवर, आणि साध्या हिंदी शिपायाचा पलटणीखाली नुसता आकडा! हा भेदभाव होता, ही कबुली ब्रिटिश सरकारने २०२१ साली पार्लमेंटात दिली आणि माफी मागितली. एवढी वर्षं लागली हो!

या युद्धाआधीच महारांना पलटणीचं दार बंद झालं होतं. १८९० नंतर 'लढवय्या जाती'च्या नावाखाली आपली भरती थांबवली गेली. आपल्याच कुलाबा जिल्ह्यातल्या महाडजवळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः माजी सैनिक. त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पण माणसं कमी पडली तेव्हाच, १९१७ साली, १११ नंबरची महार पलटण उभी झाली आणि काम सरताच १९२१ साली मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे परमपूज्य बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. सुभेदार रामजींच्या या सुपुत्राला ठाऊक होतं, की पलटणीत आपल्या लोकांना भाकरीसोबत अक्षरही मिळालं होतं. 'शिका' हा शब्द त्यांनी पहिला का ठेवला, हे कुतच्या कैद्यांकडे पाहिलं की उमगतं.

आता आपल्या दारातलं पाहू. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी गावं उठली. घर हलतं तेव्हा पहिली हरवते ती जुनी पत्र्याची पेटी. त्याच पेटीत आजोबांचं डिस्चार्जचं पुस्तक, पेन्शनचा कागद, एखादं पदक असतं. बाहेरगावाहून उलव्यात राहायला आलेल्या कुटुंबांचंही तेच.

म्हणून आमची विनंती आहे, की विहारात एक नोंदवही ठेवावी. ज्यांच्या घरचं कुणी पलटणीत, गोदीत, गिरणीत, रेल्वेत राबलं, त्यांनी त्याचं नाव, गाव, साल लिहून द्यावं. आई-आजींची नावं आधी लिहा, ती कुठल्याच कागदावर नसतात. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दोन-दोन नावं वाचून पुण्यानुमोदन करावं. मुलांच्या कानांवर ती पडू देत. आपल्या माणसाला कुणी आकडा करू नये असं वाटत असेल, तर त्याचं नाव आपणच लिहिलं पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!