द्राक्षाचा तुरटपणा वेलीला रोगापासून वाचवतो का?

द्राक्षाची बी चावली की जीभ कोरडी पडते. सुपारी किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावरही असंच होतं. हा तुरटपणा येतो टॅनिनमुळे. वेलीसाठी मात्र टॅनिन म्हणजे बुरशीविरुद्धचं एक हत्यार आहे.

टॅनिन काय करतं?

टॅनिन प्रथिनांना चिकटतं. लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं की तोंड कोरडं वाटतं. बुरशी वेलीच्या पेशी फोडण्यासाठी जी विकरं (एन्झाइम) सोडते, तीही प्रथिनंच असतात. टॅनिन त्यांचं काम मंदावतं. द्राक्षात ते मुख्यतः बियांमध्ये आणि सालीत असतं, गरात फारच कमी.

वेलीकडे आणखी काय असतं?

रोगाची लागण झाली की वेल रेझवेरट्रॉलसारखी द्रव्यं तयार करते. द्राक्षवेलीतला हा बचाव 1976 मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आला.

मग इतक्या फवारण्या का लागतात?

भुरी आणि केवडा (डाऊनी) हे दोन्ही रोग मूळचे अमेरिकेतले. तिथल्या रानटी वेली त्यांच्यासोबतच वाढल्या, त्यामुळे त्यातल्या अनेक वेली रोग लवकर ओळखतात आणि लागण झालेली जागा तिथेच मारून टाकतात. आपण खातो ती थॉमसन सीडलेस युरोप-आशियातल्या प्रजातीची. तिचा बचाव उशिरा जागा होतो, तोवर रोग पसरलेला असतो.

म्हणजे नुसतं टॅनिन असून भागत नाही. कॅबर्ने सॉव्हिन्यॉ ही वाइनची जात टॅनिनने भरलेली असते, तरी तिच्यावर भुरी येतेच.

महाराष्ट्रात याचा फटका कुणाला?

नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांना. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस झाला की कोवळ्या फुटीवर आणि घडांवर केवडा येतो. काही दिवसांत हंगाम हातचा जाऊ शकतो, म्हणून फवारणी टाळता येत नाही. औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर निर्यातीचा माल नाकारला जातो.

यावर उपाय आहे का?

एक मार्ग म्हणजे संकर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशाची कॅटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय-516’ ही जात तयार केली. ती बुरशीजन्य रोगांना चांगला प्रतिकार करते आणि 110 ते 120 दिवसांत पिकते. रस, जॅम आणि रेड वाइनसाठी ती उपयोगी आहे.

पण बाजारात आपण मागतो ती बिनबियांची, पातळ सालीची, गोड द्राक्षं. बी आणि जाड साल नको म्हणताना आपण फळातलं टॅनिनही नाकारत असतो. नव्या जाती बागेत रुजायच्या असतील, तर वेलीच्या ताकदीइतकीच ग्राहकाची आवडही महत्त्वाची ठरेल.