काळाच्या हद्दीचा दगड



जुनाट दुखण्याचा रुग्ण आला की मी आधी विचारतो, "हे सुरू कधी झालं?" तारीख सहसा कोणी सांगत नाही. "धाकटीच्या लग्नानंतर", "मोठा पूर आला त्या वर्षी", अशी उत्तरे येतात. काळ सांगायला सगळ्यांना ठाऊक असलेली खूण लागते. पृथ्वीच्या इतिहासालाही ती लागली आणि ती ठरायला शतकाहून अधिक काळ गेला. भूशास्त्र हा माझा व्यवसाय नव्हे. पण पल्योपम-सागरोपमाच्या गोष्टी लहानपणी ऐकलेल्या माझ्यासारख्या जैनाला कोटींच्या आकड्यांचे भय नाही. आणि हद्दीचा वाद म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातल्या घरांना सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन हे दोन स्नेही वेल्समधल्या खडकांचा अभ्यास करीत होते. सेजविक जुन्या थरांकडून वर आले, मर्चिसन वेल्सच्या सीमाभागातल्या नव्या थरांकडून खाली उतरले. १८३५ मध्ये एकाने आपल्या थरांना कँब्रियन म्हटले, दुसऱ्याने सिल्यूरियन. रोमनांशी लढलेल्या तिथल्या सिल्यूर जमातीवरून हे दुसरे नाव आले. १८३९ मध्ये दोघांनी मिळून त्यापुढच्या कालखंडाला डेव्हन परगण्यावरून डेव्होनियन नाव दिले. पुढे ध्यानात आले की कँब्रियनचा वरचा आणि सिल्यूरियनचा खालचा भाग एकच आहे. उताऱ्यावर एकाच शेताला दोन मालक लागावेत, तसे झाले. मैत्री तुटली. दोघेही गेल्यावर, १८७९ मध्ये, चार्ल्स लॅपवर्थ यांनी वादातला तुकडा वेगळा काढून त्याला ऑर्डोव्हिशियन हे तिसरे नाव सुचवले.

सिल्यूरियनच्या वरच्या टोकालाही भांडण होतेच. वेल्सच्या सीमाभागात तिथे समुद्र हटला आणि वर नद्यांनी आणलेला लाल वालुकाश्म साचला. समुद्रातले जीव तिथे दिसेनासे होतात, ते समुद्र गेला म्हणून. तेवढ्यावरून युग संपले असे म्हणता येत नाही. इतर देशांतल्या समुद्री थरांशी ती हद्द जुळवायची कशी?

१९६० मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. कॅनडाचे डिग्बी मॅक्लॅरन तिचे अध्यक्ष झाले. काळ शीतयुद्धाचा, तरी पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडचे शास्त्रज्ञ तिच्यात होते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये प्रागला भूशास्त्राची जागतिक परिषद भरली असतानाच शहरात सोव्हिएत रणगाडे शिरले आणि परिषद अर्धवट राहिली. पण समितीचे काम थांबले नाही. १९७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या परिषदेत निर्णय झाला. प्रागच्या नैर्ऋत्येला, सुखोमास्टी गावाजवळच्या क्लोंक टेकडीवर २० क्रमांकाचा चुनखडीचा थर आहे, जाडी ७ ते १० सेंटिमीटर. त्याच्या वरच्या भागात 'मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस' हा जीव प्रथम दिसतो. तिथून डेव्होनियन सुरू. ही गोष्ट सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीची. हा जीव खुल्या समुद्रात तरंगत दूरदूर पसरलेला होता, म्हणून त्याची खूण अनेक देशांच्या खडकांत सापडते. जगाने मान्य केलेला अशा प्रकारचा हा पहिला हद्दीचा दगड. भूशास्त्रज्ञ अशा जागेला कौतुकाने 'सोनेरी खिळा' म्हणतात.

यातला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. कालखंडाची फक्त सुरुवात ठरवायची, शेवट नाही. पुढचा सुरू झाला की मागचा आपोआप संपतो. मग दोघांचा दावा एका तुकड्यावर पडत नाही आणि मध्ये बेवारस जमीनही उरत नाही. दुसरे असे, की क्लोंकला हद्दीच्या वर आणि खाली खडक जवळपास सारखाच दिसतो. मोठी उलथापालथ झाली तिथे पाने फाटलेली असतात. म्हणून नोंद सलग राहिली आहे, आणि कोणालाही जाऊन तपासता येईल, अशीच जागा निवडतात.

असा एक मान आपल्या देशालाही मिळाला. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जमिनीवर चुन्याचा खांब वाढला होता. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पाऊसमान क्षीण झाल्याची खूण त्याच्या थरांत सापडली. २०१८ मध्ये तिथून 'मेघालयन' काळाची सुरुवात मान्य झाली. आपण सगळे आज त्याच काळात राहतो.

सिल्यूरियन आणि डेव्होनियन ही नावे ब्रिटनची, दगड चेक भूमीतला, निर्णय कॅनडात. नावे बदलली नाहीत, पण हद्द आमच्याच भूमीत हवी हा हट्ट सुटला. हद्द म्हटली की आपल्या मनात आधी नाव आणि मालकी येते. इथे विद्वानांनी पुराव्याची सर्वांत चांगली जागा कोणती एवढेच विचारले, आणि ती परक्या देशात निघाली तरी मानली. तेवढे आपल्यापुढे ठेवून थांबतो.