छापील पानांनी राखलेले स्वर

मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ हा मूक भयपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी सभागृहात प्रथम दाखविला गेला. त्यासाठी हान्स एर्डमान यांनी रचलेले संगीत वाद्यवृंदाने प्रत्यक्ष वाजविले. कथा ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगीवाचून घेतलेली होती. त्यांच्या विधवा पत्नीने दाद मागितली आणि १९२५ साली न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या प्रतींमुळे चित्रपट वाचला. संगीताची मूळ संहिता मात्र हरवली. सुदैवाने त्यातील काही रचना १९२६ च्या सुमारास छापल्या गेल्या होत्या. त्यांच्याच आधारे पुढे अभ्यासकांनी त्या संगीताची पुनर्रचना केली. मूकपटाच्या भयाला स्वरांचीच वाचा होती. ती आज ऐकू येते, ती कोणीतरी जपून ठेवलेल्या छापील पानांमुळे.