न मागता आलेला अर्ज

निवडणुकीचं वर्ष आलं की आमच्या न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी घरांतून एक विचारणा हमखास होते. "काकू, टपालानं मत देण्याचा अर्ज आलाय, मी तर मागवला नव्हता. खरा असेल का?" मी सांगलीत बँकेत होते. चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहण्यात नोकरी गेली, म्हणून असले कागद माझ्यापुढे येतात. मी आधी विचारते, हा अर्ज आहे की मतपत्रिका? भल्याभल्यांचा इथे घोटाळा होतो. मे २०२० मध्ये मिशिगन राज्यानं सुमारे ७७ लाख मतदारांना अर्ज धाडायचं जाहीर केलं, तेव्हा अध्यक्ष ट्रम्प यांनी मतपत्रिकाच वाटल्या जात असल्याचं लिहून टाकलं आणि नंतर ते बदललं. अर्ज म्हणजे नुसती मागणी. तो पाठवणारा कोण, याची चौकशी सगळे करतात. तो परत कुणाच्या हातून जाणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि अमेरिकेतल्या टपाली मतदानाचा इतिहास चाळला तर लबाडी बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सुरुवात यादवी युद्धापासून करावी लागते. १८६४ मध्ये अध्यक्षपदासाठी लिंकन आणि मॅक्लेलन समोरासमोर होते आणि लाखो मतदार छावणीत. बऱ्याच राज्यांनी छावणीतच मतपेट्या ठेवल्या. न्यूयॉर्कची रीत वेगळी होती. सैनिकानं गावातल्या एखाद्या मतदाराच्या नावे मुखत्यारपत्र करायचं, अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यायची, मतपत्रिका पाकिटात बंद करायची, ते पाकीट 'सैनिकाचं मत' असं लिहिलेल्या दुसऱ्या पाकिटात घालायचं आणि घरी धाडायचं. त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. मग हे कागद भरून घ्यायला माणसं नेमणं आलंच. ऑक्टोबरात बाल्टिमोरला न्यूयॉर्कचे दोन एजंट, मोझेस फेरी आणि एडवर्ड डॉनह्यू, पकडले गेले. सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नावानं खोट्या सह्या करून पाकिटं तयार केल्याचा आरोप होता. फेरीनं कबुली दिली. मतदानाच्या तोंडावर लष्करी न्यायासनापुढे खटला चालला आणि दोघांना जन्मठेप झाली. हे एजंट डेमोक्रॅट गव्हर्नर सीमोर यांचे, त्यामुळे रिपब्लिकनांनी प्रकरण वाजवून घेतलं हे उघड आहे. तरी दोन पाकिटांची, शपथेची, सहीची एवढी कडेकोट व्यवस्था कुठे फुटली ते पाहा. कागद गोळा करायला नेमलेल्या माणसाच्या टेबलावर.

मधला शंभर वर्षांचा काळ मी भरभर ओलांडते. आजारी, फिरतीवरचे, सैन्यातले अशांना कारण दाखवून टपालानं मत देता येई. ज्याला कारण लागतं त्याला न मागता अर्ज पाठवण्यात पक्षांना फारसा रस नसतो. तो रस निर्माण झाला कॅलिफोर्नियात. १९७८ पासून तिथे विनाकारणही टपाली मत मागता येऊ लागलं. १९८२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षानं आपल्या मतदारांच्या घरी अर्ज धाडले. मतदानाच्या दिवशी केंद्रांवर पडलेल्या मतांत लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली पुढे होते. टपाली मतं मोजल्यावर रिपब्लिकन उमेदवार डुकमेजियन एक लाखाहून कमी मतांनी निवडून आले. हा धडा दोन्ही पक्षांनी पाठ केला. मतदार अर्ज भरून पक्षाच्याच पत्त्यावर पाठवतो, म्हणजे आपला माणूस कोण हेही पक्षाला फुकटात कळतं. असा अर्ज पक्षाच्या हाती आला तर ७२ तासांत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचवावा, अशी अट तिथल्या कायद्यानं घातली. माझं मत विचाराल तर ७२ तासही फार झाले.

मायामीत १९९७ च्या महापौर निवडणुकीत टपाली मतांची दलाली इतकी माजली, की पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानं ती सगळीच मतं बाद केली आणि हरलेले ज्यो कॅरोलो खुर्चीत बसले. पण खरं शिकण्यासारखं प्रकरण नॉर्थ कॅरोलायनाच्या ब्लेडन काउंटीतलं. २०१८ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या जागेवर रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या मॅक्रे डाउलेस या इसमानं पैसे देऊन माणसं नेमली. ती आधी दारोदार जाऊन मागणीचे अर्ज भरून घेत. यात तोवर गैर काही नव्हतं. पण कुणी अर्ज केला ते ठाऊक असल्यानं मतपत्रिका घरी पोचली की हीच माणसं पुन्हा दारात हजर, आणि मतपत्रिका घेऊन जात. ते बेकायदा होतं. साक्षीत बाहेर आलेले तपशील वाचताना माझ्यातली बँकवाली जागी झाली. साक्षीदाराची सही मतदाराच्याच शाईच्या रंगात करायची, तिकीट उलटं चिकटवायचं नाही, आणि एका वेळी थोडीच पाकिटं पेटीत टाकायची. राज्याच्या निवडणूक मंडळानं फेब्रुवारी २०१९ मध्ये एकमतानं फेरनिवडणूक घ्यायला लावली.

यापुढे २०२० सालच्या गमती किरकोळ वाटतात. अटलांटात बारा वर्षांपूर्वी मेलेल्या मांजराच्या नावे मतदार नोंदणीचा अर्ज आला. बाजारातून विकत घेतलेल्या याद्यांत असली नावं घुसतात. व्हर्जिनियात सेंटर फॉर व्होटर इन्फर्मेशन या संस्थेनं सुमारे पाच लाख अर्ज पाठवले आणि अनेक परतीच्या पाकिटांवर भलत्याच निवडणूक कचेरीचा पत्ता छापला. फेअरफॅक्स शहर वेगळं, फेअरफॅक्स काउंटी वेगळी. आयोवाच्या लिन काउंटीत तर सरकारी अधिकाऱ्यानंच मतदाराची माहिती आधी छापून अर्ज धाडले होते. परत आलेले सुमारे ५० हजार अर्ज न्यायालयानं रद्द केले. हा सगळा गलथानपणा, मतचोरी नव्हे. मांजराचा अर्ज भरून पाठवला तरी ओळख क्रमांकाशी तो जुळायला हवा. जॉर्जियानं २०२१ मध्ये कायदाच केला, की खासगी संस्थांनी अर्जात मतदाराची माहिती आधी भरायची नाही आणि हा सरकारी कागद नव्हे असं त्यावर छापायचं.

आमच्या राज्यातलं उदाहरण पॅटरसनचं. मे २०२० मध्ये तिथली नगरपालिका निवडणूक साथीमुळे पूर्ण टपालानं झाली. अर्जाचा प्रश्नच नव्हता, मतपत्रिका थेट घरी आल्या. तरी एकेका टपालपेटीत गठ्ठे सापडले आणि एका वॉर्डात फेरनिवडणूक घ्यावी लागली.

तेव्हा अर्ज आला तर घाबरू नका. छापील नाव-पत्ता तपासा, उरलेलं स्वतः भरा, आणि नागरिक झाल्यावर मतदार नोंदणीत जशी सही केली होती तशीच करा. आपल्याकडच्या कितीतरी जणींची सही इथे आल्यावर बदलते, आणि तपासणारा बिचारा जुनीच समोर ठेवून बसलेला असतो. दारात येऊन "द्या, मी पोचवतो" म्हणणाऱ्याला, तो मराठी मंडळातला ओळखीचा असला तरी, चहा द्यावा, कागद देऊ नये. न्यू जर्सीत अर्ज काउंटी क्लर्ककडे जातो आणि भरलेली मतपत्रिका काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे. परतीच्या पाकिटावर तिसराच पत्ता दिसला तर ते वापरू नका, क्लर्कच्या कचेरीला फोन करून कोरा अर्ज मागवा.