पर्यायी प्रशीतके

प्रशीतन यंत्रणेतील जुने प्रशीतक काढून त्याऐवजी यंत्रणेच्या इतर घटकांशी जुळणारे जे द्रव्य वापरतात, त्यास पर्यायी प्रशीतक म्हणतात. संपीडकाचे आकारमान, वंगण तेल, नळ्यांचा धातू, सांध्यांवरील रबरी कडी आणि द्रवाचा प्रवाह नियंत्रित करणारी केशनलिका हे सर्व घटक मूळ प्रशीतकाचे गुणधर्म लक्षात घेऊन ठरविलेले असतात. त्यामुळे एक वायू काढून दुसरा भरणे एवढ्यावर हा बदल सहसा भागत नाही.

जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये ईथरवर चालणाऱ्या बाष्प-संपीडन यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. पुढे अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड व मिथिल क्लोराइड ही प्रशीतके प्रचारात आली. अमोनिया पाण्याच्या अंशासह तांब्यास खातो, म्हणून त्याच्या यंत्रणेत पोलादी नळ्या लागतात. बर्फाचे कारखाने व शीतगृहे यांत तो आजही वापरला जातो. घरगुती वापराला मात्र ही तिन्ही द्रव्ये विषारीपणामुळे धोक्याची होती. टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये डायक्लोरोडायफ्ल्युओरोमिथेन (आर-१२, उकळबिंदू −२९·८° से.) हा पर्याय शोधला. हा वायू श्वासावाटे आत घेऊन व त्याने मेणबत्ती विझवून मिजली यांनी १९३० मध्ये तो बिनविषारी व अज्वलनशील असल्याचे प्रात्यक्षिक दाखविले. प्रात्यक्षिकात खोटे काही नव्हते. परंतु ज्या रासायनिक निष्क्रियतेमुळे हा वायू घरात निर्धोक ठरला, तिच्यामुळेच तो न विघटता स्थितांबरापर्यंत पोहोचतो.

तेथे जंबुपार किरणांनी त्यातून क्लोरीन सुटून ओझोनचा नाश होतो, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. अंटार्क्टिकावरील ओझोन-घटीचा पुरावा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. विकसित देशांना १९९६ पासून व विकसनशील देशांना २०१० पासून क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचा वापर, काही अपवाद वगळता, बंद करावा लागला.

आर-१२ च्या जागी मुख्यतः आर-१३४ए (उकळबिंदू सु. −२६° से.) आले. दोहोंचे बाष्पदाब जवळजवळ सारखे असल्याने हा बदल सोपा वाटला. अडचण तेलात निघाली. संपीडकातील थोडे तेल प्रशीतकाबरोबर वाहत जाते व त्यात विरघळलेले राहून परत येते. आर-१२ मध्ये खनिज तेल विरघळते, आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. न विरघळलेले तेल बाष्पीकरण-नळ्यांत साचते. उष्णतेचे संक्रमण मंदावते व संपीडक कोरडा पडून झिजतो. म्हणून पॉलिओल एस्टर तेल वापरावे लागले. जुन्या यंत्रणेतील खनिज तेलाचे प्रमाण सु. ५ टक्क्यांखाली येईपर्यंत तेल पुनःपुन्हा बदलावे लागे. एस्टर तेल हवेतील बाष्प झपाट्याने शोषते. त्यामुळे उत्तम निर्वात पंप आणि योग्य जलशोषक अपरिहार्य झाले. लहान दुरुस्ती-दुकानाला ही सामग्री परवडणे कठीण होते. करारातील मुदती कारखानदारांना नजरेसमोर ठेवून आखल्या गेल्या. त्यांचा बराचसा भार मात्र दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांवर पडला.

दुसरा मार्ग हायड्रोकार्बनांचा. प्रोपेन व आयसोब्युटेन यांच्या सु. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा बाष्पदाब आर-१२ च्या जवळपास असून ते खनिज तेलाशी जुळते. भारही मूळच्या वजनाच्या सु. ४० टक्केच लागतो. तथापि हवेतील त्याचे प्रमाण सु. २ टक्के झाले की ते पेट घेऊ शकते आणि जुन्या शीतकपाटांतील तापस्थायी व दिव्याची कळ यांत ठिणगी पडते. ही विद्युत् साधने बंदिस्त केल्याखेरीज असा बदल करणे गैर होय. शुद्ध आयसोब्युटेन (उकळबिंदू सु. −१२° से.) जुन्या संपीडकात चालत नाही, त्याचे बाष्प विरळ असल्याने मोठ्या विस्थापनाचा संपीडक लागतो. जर्मनीत १९९३ पासून हायड्रोकार्बनांवरील शीतकपाटे बाजारात आली.

वातानुकूलन यंत्रांतील आर-२२ ऐवजी आलेल्या आर-४१०ए चा दाब सु. दीडपटीहून अधिक असतो. ते जुन्या यंत्रात भरता येत नाही. आर-४०७सी भरता येते, पण तेल बदलावे लागते. शिवाय ते मिश्रण असल्याने गळतीनंतर त्याच्या घटकांचे प्रमाण बदलते.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु त्याची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या हजारपटींहून अधिक आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा द्रव्यांवरही मर्यादा आली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात करून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यावयाची आहे.