लेथ घेताय? आधी लीड स्क्रू मोजा

माझं संशोधन जुन्या यंत्रांवर आहे हे कळल्यापासून नातेवाईक मला मेकॅनिकच समजतात. परवा पहूरच्या मावसभावाचा फोन. घराच्या तळघरात साडेचार फुटी लेथ टाकायचाय, जुना मिळतोय, घेऊ का? शेतातले पंप, पाइप, ट्रॅक्टरची कामं घरीच करायची. पैसे कापसाचे, म्हणजे चूक परवडणारी नाही.

मी म्हटलं, चकजवळचा बेड बोटाने चाचपून बघ (झीज तिथेच जास्त), मोटर सिंगल फेजवर चालेल का विचार, आणि जिन्यावरून खाली उतरवणार कसा ते आधी ठरव. हे सगळे सांगतात. माझा प्रश्न वेगळा होता : लीड स्क्रू इंची की मिलिमीटरचा?

लेथवर आटे पडतात ते या लांब स्क्रूच्या हिशेबाने. साधारण १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेने लीड स्क्रू, सरकतं हत्यार आणि बदलते गिअर एकत्र आणले, तेव्हापासून हेच चालू आहे. आपल्याकडे ब्रिटिशांमुळे सगळं इंचात. पहूरवरून जायची ती पाचोरा-जामनेर नॅरोगेजही २ फूट ६ इंचांचीच होती! १९४१ साली हरिहरला 'म्हैसूर किर्लोस्कर'चा कारखाना उभा राहिला आणि देशी लेथ बनू लागले, तो काळही इंचाचाच. मग १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक टप्प्याटप्प्याने लागू झालं. तराजूतली वजनं बदलता येतात हो, पण ओतीव लोखंडाचा लेथ पन्नास-साठ वर्षं सहज चालतो. त्याच्या पोटातला इंच तसाच राहतो.

अडचण कुठे येते पाहा. इंचाला ४ आटे असलेल्या लीड स्क्रूचा पिच ६.३५ मिमी. त्यावर १० मिमीच्या बोल्टचा दीड मिमी पिच पाडायचा तर गुणोत्तर ३०/१२७. आणि १२७ ही मूळ संख्या! म्हणजे १२७ दात्यांचा गिअर हवाच, नाहीतर आटे अंदाजे.

पण म्हणून इंची लेथ टाकाऊ नाही. शेतातल्या पाइपचे आटे आजही इंचाच्याच हिशेबाने चालतात. एक इंची पाइपला इंचात ११ आटे. ते इंची लेथवर साध्या गिअरने पडतात. भावाची निम्मी कामं पाइपचीच, तेव्हा माझं मत इंचीच घे असं पडलं. फक्त बोल्टसाठी १२७ चा गिअर सोबत माग.

ओळखायचं कसं? लीड स्क्रूवर पट्टी धरा आणि दहा आटे मोजा. साडेत्रेसष्ट मिमी भरले तर इंची, बरोबर साठ भरले तर मेट्रिक.

भावाने मोजले. साडेत्रेसष्ट. गिअरच्या डब्यात १२७ चा मात्र नव्हता. आता तेवढ्यावरून किंमत पाडायची घासाघीस चालू आहे.