ओल किती टक्के? नवी मुंबईच्या चिखलाची गोष्ट

आजचा एपिसोड आहे चिखलावर. हसू नका, कारण तुम्ही वाशी, सानपाडा किंवा उलव्यात बसून हे ऐकत असाल, तर तुमच्या पायाखाली बहुतेक तोच आहे.

एका प्रश्नापासून सुरुवात करू. मातीतली ओल १०० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकते का? मी कोड लिहिणारा माणूस. असा आकडा स्क्रीनवर दिसला तर मी आधी बग शोधेन. पण माती तपासणाऱ्या लॅबमध्ये हा आकडा अगदी नॉर्मल आहे.

पद्धत साधी आहे. रिकाम्या डबीचं वजन करायचं. तिच्यात ओली माती घालून पुन्हा वजन. मग डबी १०५ ते ११० अंश सेल्सिअसच्या भट्टीत साधारण २४ तास ठेवायची आणि तिसऱ्यांदा वजन करायचं. भारतीय मानक आयएस २७२० च्या दुसऱ्या भागात हेच सांगितलंय. समजा डबी २० ग्रॅमची, ओल्या मातीसकट ८० आणि सुकल्यावर ५२. म्हणजे पाणी २८ ग्रॅम, कोरडी माती ३२ ग्रॅम. ओल किती? २८ भागिले ३२, म्हणजे ८७.५ टक्के.

गंमत कळली? भागायचं ते एकूण वजनाने नाही, कोरड्या मातीच्या वजनाने. म्हणून पाणी मातीपेक्षा जड भरलं की आकडा शंभरी ओलांडतो. खाडीकाठच्या मऊ चिखलात ७०-८० टक्के ओल ही काही नवलाची गोष्ट नाही.

या आकड्याला अर्थ दिला तो अल्बर्ट अॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने. किती ओलीला चिकणमाती वळता येते आणि किती ओलीला ती वाहायला लागते, याच्या सीमा त्याने १९११ मध्ये मांडल्या. पुढे १९२५ मध्ये कार्ल टेरझागीने दाखवलं, की वजन पडलं की चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन खचते. हळूहळू म्हणजे वर्षानुवर्षं!

आता आपल्याकडे या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ मासिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. त्यात दलदल, मिठागरं आणि खारजमीन बरीच होती. मग काही ठिकाणी भराव टाकला. काही ठिकाणी खोल पाइल ठोकून कठीण थरावर इमारती उभ्या केल्या. न्हावा-शेवा बंदरासारख्या ठिकाणी चिखलात उभे निचरे घातले आणि वर मातीचा भार ठेवून पाणी पिळून काढलं. वाशीतली पाणी साठवण्याची तळी डच पद्धतीची. भरतीला दारं बंद, ओहोटीला पाणी बाहेर.

पण थांबा. हे तंत्र इथे आधीपासून होतंच की! आगरी शेतकरी पिढ्यानपिढ्या खाडीला बांध घालत होते. त्यात उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जातं आणि भरतीचं खारं पाणी आत येत नाही. पावसाने मीठ धुऊन निघालं की भात. जमिनीत पाणी किती आणि मीठ किती, हा हिशोब भट्टीशिवाय चालला होता.

आणि मीठ लॅबलाही चकवतं बरं का. भट्टीत पाणी उडतं, पण त्यातलं मीठ डबीतच राहतं आणि कोरड्या मातीच्या वजनात मोजलं जातं. म्हणून खाऱ्या चिखलाचा आकडा थोडा कमी दिसतो, आणि अचूक काम असेल तर दुरुस्ती करावी लागते.

या जमिनीच्या इतिहासात आणखी एक टक्केवारी आहे. संपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा-जासई भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर साडेबारा टक्के योजना आली. जेवढी जमीन गेली, तिच्या १२.५ टक्के विकसित जमीन परत.

मला इथे तीच डबी आठवते. टक्केवारी ऐकली की आधी विचारायचं, भागलंय कशाने? साडेबारा टक्के हे गेलेल्या जमिनीच्या क्षेत्रफळाचे आहेत. त्या जमिनीवरचा बांध, उघाडी आणि तो सांभाळणाऱ्यांची मेहनत या भागाकारात कुठेच नाही. भट्टीतल्या आकड्याने इमारत कुठे उभी राहील ते सांगितलं. ती जमीन समुद्रापासून कोणी राखली, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. ते आपलं काम आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी खारजमिनीची शेती केलेलं कोणी असेल, तर त्यांना उघाडीबद्दल नक्की विचारा. आणि जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!